तुतारीच्या वाफ्यातलं गवत

हे लिहावं की नाही, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. यात सांगण्यासारखं फार काही घडलेलं नाही. कॉलेजच्या मागच्या बागेत मी एका रानफुलाचं बी लावलं, ते उगवलं आणि मग मेलं. पण ते आमच्या माळावरचं शेवटचं बी होतं, आणि ते मरण्यात माझा आणि आईचा हात होता. त्यात आईचा किती आणि माझा किती, एवढंच मला नीट सांगायचं आहे. तोंडी सांगायला गेले तर जमत नाही.

त्या फुलाला आमच्याकडे तुतारी म्हणतात. रोप घोट्याच्या वर, फार तर गुडघ्याला लागेल एवढं. पानं दोऱ्यासारखी बारीक चिरलेली. फूल पांढरं, आणि त्याची नळी लांब, किंचित वाकलेली. संध्याकाळी उघडतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. रोप वाळलं की काळं पडतं, जळाल्यासारखं. म्हणून लहानपणी आम्ही पोरं दिवाळीनंतर माळावर गेलो की काळ्या काड्या दिसायच्या, आणि त्याच पावसाळ्यात इतक्या पांढऱ्या होत्या यावर विश्वास बसायचा नाही.

आमचा माळ म्हणजे बदलापूरच्या बाहेर, आमच्या गावठाणामागे. खाली भात, वर माळ. कातळावर वीतभर माती, त्यामुळे गवताशिवाय तिथे काही होत नसे. पाऊस संपला की बाबा आणि माझे चुलते ते गवत कापून, भारे बांधून अंबरनाथ-उल्हासनगरच्या तबेल्यांना द्यायचे. आई कापणीला असायचीच. भाद्रपदात, गौर यायची त्या संध्याकाळी, आई माळावर जाऊन तुतारीची दोन फुलं घेऊन यायची. आमची गौर तेरड्याची. तेरड्याची जुडी मुळांसकट आणायची, तिला साडी नेसवायची. आणि आमच्या घरात तिच्या कानाच्या जागी तुतारीची दोन फुलं लोंबती लावायची. आई त्यांना गौरीचे झुबे म्हणायची. दुसऱ्या कुणाच्या घरी हे पाहिलं नाही. आईने ते तिच्या सासूकडून घेतलं होतं. गौर संध्याकाळी घरात यायची आणि त्याच वेळी फुलं उघडायची, त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की ती गौरीला बघून उघडतात.

माळ चार भावांचा होता. चौघांनी बिल्डरच्या कागदांवर सह्या केल्या. बाबांच्या वाट्यातून बेलवलीत एक खोली आणि किचन असा फ्लॅट आला. बाबा आता अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत ठेक्यावर पॅकिंगला जातात. आम्हाला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. घरात संडास आहे, नळाला पाणी येतं, नदीचं पाणी मांजर्लीत शिरतं तसं आमच्या मजल्यापर्यंत येत नाही. आई या गोष्टी पाहुण्यांना दाखवते. फक्त पहिल्या वर्षी, माळ आता आपला नाही म्हणून आई फुलांना गेली नाही आणि गौरीला झुबे नव्हते, तेव्हा तिने जुडीच्या कानाशी हात नेला आणि तसाच मागे घेतला. ते मी पाहिलं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. उल्हासनगरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं, कारण त्यात प्रवेश मिळाला. बारावीपर्यंत सायन्स कसंबसं इंग्रजीत केलं होतं, पण वर्गात मॅडम भराभर बोलू लागल्या की माझं लक्ष शब्द पकडण्यातच जायचं. मी वहीत सगळं उतरवून घ्यायचे. घरी येऊन पाठ करायचे. प्रश्न विचारायचे नाही. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुली होत्या; त्यांच्या घरी कुणीतरी डॉक्टर, कुणी शिक्षक. आपण विचारलं तर आपल्याला एवढंही माहीत नाही हे सगळ्यांना कळेल, अशी माझी भीती. ही सवय इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी लॅबच्या मागे रानफुलांची बाग करायचं ठरवलं. जागा म्हणजे नाल्याच्या भिंतीला लागून एक लांब पट्टा, जिथे आधी मोडकी बाकं टाकलेली होती. त्या म्हणाल्या, प्रत्येकीने आपल्या भागातलं एक रानफूल आणायचं. बियांपासून वाढवायचं. कुणी तेरडा म्हणालं, कुणी लाजाळू, कुणी कुर्डू. मी हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तुतारी," मी म्हणाले.

मॅडम खडू हातात धरून थांबल्या. "तुझ्याकडे आहे? नक्की?"

त्यांनी मला लायब्ररीत नेऊन एका जाड पुस्तकातलं चित्र दाखवलं. आमचीच तुतारी, लॅटिन नावाची. जुन्या पुस्तकात ती फिगवर्ट नावाच्या विलायती रोपाच्या कुळात होती, आता तिला दुसरीकडे हलवलंय, असं त्या म्हणाल्या. "तिकडे परदेशात लोक फिगवर्ट बियांपासून मुद्दाम वाढवतात, मधमाश्यांसाठी. आपल्याकडे तुतारी कुणी वाफ्यात लावलेली मी पाहिली नाही. अवघड आहे. पण बघू या."

अवघड का, हे मी विचारलं नाही.

बी आणायला आई बरोबर आली. दिवाळी होऊन गेली होती. माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या आणि एका कडेला जेसीबी उभा होता. बाकी माळ आधीच खरवडलेला. गवत होतं ते फक्त वरच्या कोपऱ्यात, चार अंगणं मावतील एवढं. तिथे काळ्या काड्या होत्या. फळाला चोचीसारखं वाकडं टोक असतं, ते दाबलं की आतून बी निघतं. बी कसलं, तपकिरी धूळच. आई काड्या अलगद मोडून माझ्या ओढणीवर झटकत होती.

"शिंकू नको हां," ती म्हणाली. "शिंकलीस तर गौरीचे झुबे गेले सगळे."

विजेच्या बिलाच्या कागदात आम्ही ती धूळ पुडी करून आणली. येताना आई म्हणाली, "दोन वर्सं कान उघडे गेले तिचे. तुझ्या कॉलेजात फुलली तर दोन फुलं देतील ना गं? का ते कॉलेजचं होतं?"

"देतील," मी म्हणाले. "माझाच वाफा आहे."

माझाच वाफा हे शब्द तिला आवडले. तिने ते घरी बाबांना सांगितले.

मे महिन्यात मॅडम म्हणाल्या, "जिथून बी आणलं तिथली माती आण. गवताच्या गड्ड्यांसकट आण, कोरडे असले तरी चालतील." बाबा आणि मी तीन गोणी भरून आणल्या. तोवर वरच्या कोपऱ्यातलं गवतही अर्धं उरलं होतं. बाबा कुदळीने गड्डे काढत होते आणि स्वतःशीच बोलत होते.

"आयुष्यभर गवत कापलं की पोरीने हातात पेन धरावा. आणि पोरगी निघाली कॉलेजात गवत घेऊन."

"मॅडमनी सांगितलंय, बाबा."

"मॅडमनी सांगितलंय म्हणूनच नेतोय. मी सांगितलं असतं तर नेलं असतंस का तू?"

बागेत आमचे माळीकाका होते. मूळचे उत्तरेकडचे, पण तीस वर्षं उल्हासनगरात राहून तिथल्या सिंध्यांसारखं सगळ्यांना साईं म्हणायला शिकलेले. गोणी बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे साईं, हम को पगार मिळतो घास निकालने का. और तेरी मॅडम घास लगाने को बोलती है. मेरा क्या होगा?"

सगळं बी मी एका ठिकाणी टाकलं नाही. निम्मं वाफ्यात, निम्मं घरी. घरच्यासाठी मी रंगाची रिकामी बादली घेतली, तिला भोकं पाडली, नर्सरीतून आणलेलं खत आणि माती चाळून घातली. एकही खडा नाही, एकही काडी नाही. गॅलरीत ठेवली. जूनच्या शेवटी बादलीत बारीक हिरवे ठिपके दिसले. मग त्यांना दोन-दोन पानं आली, आणि मग ती तशीच राहिली. वाढेनात. आठवड्याभरात दोऱ्यासारखी आडवी झाली. मला वाटलं गॅलरीत ऊन कमी. आईला वाटलं नळाच्या पाण्यात औषध असतं त्याने. कॉलेजच्या वाफ्यात मात्र, माळावरच्या गवताच्या गड्ड्यांमधून, त्याच बियांची रोपं सरळ वर येत होती. मी मोजली. तेवीस. दोन्हीकडचं बी एक होतं, पाऊस एक होता. मी वनस्पतीशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होते. तरी मला काही सुचलं नाही.

श्रावणात एका रविवारी आई कॉलेज बघायला आली. तोवर ती कधीच आली नव्हती. प्रवेशाच्या वेळीही मी आणि माझी चुलत बहीणच गेलो होतो. तिचं म्हणणं असायचं, तिथे मला काय कळणार, तुझीच मान खाली जाईल. पण तुतारी आलीय हे ऐकून ती तयार झाली. लग्नातली हिरवी साडी नेसली. फाटकावर वॉचमनने "किस से मिलना है" विचारलं तेव्हा ती माझ्या मागे सरकली. मी माझं ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाले, "ही माझी आई आहे." वॉचमन म्हणाला, "अरे, आओ ना माताजी." आई पूर्ण पायवाटभर माताजी, माताजी असं म्हणून हसत राहिली.

बागेत कुणी नव्हतं. मॅडम त्या आठवड्यात गावी गेल्या होत्या. बाकीच्यांचे वाफे नीट होते, कडेने चुना लावलेले दगड, आत तेरडा, लाजाळू, मधली माती काळी आणि मोकळी. माझ्या वाफ्यात गवत. पावसाने ते कमरेला आलं होतं. तुतारीची रोपं त्यात शोधावी लागत होती.

आईचं हसू गेलं.

"हा तुझा वाफा?"

"हो."

"आणि ही पाटी तुझ्या नावाची?"

"हो."

तिने इकडेतिकडे बघितलं, कुणी आहे का ते. मग हळू आवाजात म्हणाली, "अगं, लोक काय म्हणत असतील. सगळ्यांचे वाफे कसे आरशासारखे, आणि शेतकऱ्याच्या पोरीच्या वाफ्यात रान माजलेलं. गवतानं मारलं बघ सगळं. दिसतेय का तरी एक काडी?"

मला खरंच लाज वाटली. मैत्रिणी त्या वाफ्यावरून चेष्टा करायच्याच. एक जण म्हणाली होती, तुझ्याकडे म्हैस पण येणार आहे का. भाताची बेणणी, म्हणजे रोपांमधलं तण उपटणं, हे मी आठ वर्षांची असल्यापासून करत आले. त्या वर्गात कुणापेक्षाही मला जास्त येणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि माझ्याच नावाच्या पाटीमागे गवत उभं होतं.

आई पदर खोचत होती. खोचता खोचता थांबली.

"मॅडमना इचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"हेच. गवत काढू का म्हणून. त्यांनीच आणायला लावलं ना ते? काहीतरी असंल त्यांच्या मनात."

"मातीसाठी आणायला लावलं," मी म्हणाले. "माती धरून राहावी म्हणून."

"तरी फोन कर. आहे ना तुझ्याकडे नंबर?"

फोन माझ्या हातात होता. मॅडमचा नंबरही होता. रविवारी, त्या गावी असताना, फोन करून विचारायचं की गवत काढू का? त्यांना वाटेल, शेतकऱ्याची मुलगी आणि हेही विचारते. मी म्हणाले, "राहू दे, आई. मॅडमना शेतीतलं काय कळतं?"

हे वाक्य मी म्हणाले. आईने नाही.

मग आम्ही बसलो. खुरपं नव्हतं, हातानेच. ओली माती होती, गवत मुळासकट सुटत होतं. आईची पद्धत अशी की एका हाताच्या दोन बोटांनी रोपाचं बूड दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने शेजारचं गवत सरळ वर ओढायचं, म्हणजे रोप हलत नाही. मलाही तिनेच तसं शिकवलं होतं. हिरवी साडी चिखलाने भरली. ती बोलत होती. लग्न होऊन आली त्या वर्षी बेणणीला तिला सगळ्यात मागे ठेवलं होतं, आणि दुपारपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे गेली, ती गोष्ट तिने पुन्हा सांगितली. मग म्हणाली, "तुझ्या कॉलेजात परीक्षा असती ना बेणणीची, तर मी पास झाले असते बघ."

"पहिली आली असतीस," मी म्हणाले.

माळीकाका छत्री घेऊन आले आणि उभे राहून बघत राहिले. "साईं, ये तो आरसा कर दिया. माताजी, आप कल से आओ, मैं घर बैठता हूँ."

"पगार अर्धा अर्धा," आई म्हणाली. तिचं हिंदी मराठीच असतं, पण त्यांना कळलं.

दोन तासांत वाफा स्वच्छ झाला. तेवीस रोपं, काळ्या मातीत सुटी सुटी, एकेक दिसणारी. आई मागे सरकून, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. त्या दिवशी मला आमच्या घराचा आणि कॉलेजचा काहीतरी संबंध आहे असं पहिल्यांदा वाटलं. तो दिवस चांगला होता. आजही तो आठवला की आधी चांगलाच आठवतो.

गवत वाया घालवणं आईला जमत नाही. तिने त्याचा भारा बांधला आणि फाटकाबाहेर, देवळापाशी एक बाई गाय घेऊन बसते, तिथे नेऊन टाकला. ती बाई लोकांना पेंढ्या विकते, ते गायीला घालतात. फुकटचा भारा बघून ती कुरकुरली, पण गायीने तोवर तोंड घातलं होतं. माळावरचं शेवटचं गवत असं गेलं.

तिसऱ्या दिवशी रोपांचे शेंडे वाकले. पाऊस होता, म्हणजे पाण्याची कमी नव्हती, तरी मी पाणी घातलं. चौथ्या दिवशी पानांची टोकं काळी पडली. मला वाटलं मुळं हलली असतील, सावरतील. पाचव्या दिवशी मॅडम आल्या. त्या वाफ्यापाशी आल्या आणि वाकून एका रोपाचं काळं टोक बोटांत धरून बघितलं.

"गवत कुठे गेलं?"

"काढलं, मॅडम."

"सगळं?"

"मुळासकट." हे मी जरा अभिमानानेच म्हणाले, कारण मुळासकट काढलेलं गवत पुन्हा येत नाही.

त्या तिथेच, चुना लावलेल्या दगडावर बसल्या. मग त्यांनी सांगितलं. तुतारी एकटी नीट जगू शकत नाही. तिची मुळं जमिनीखाली गवताच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी, क्षार ओढतात. पानं हिरवी असतात, थोडं अन्न ती स्वतः करते, पण बाकी गवतावर. गवत काढलं की तिच्या तोंडचा घासच काढून घेतला.

"दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं मी," त्या म्हणाल्या. "टारफुल्याचं उदाहरण देऊन."

शिकवलं होतं. अर्धपरजीवी वनस्पती. इंग्रजीत व्याख्या, दोन आकृत्या, उदाहरण ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. व्याख्या मला आजही पाठ आहे. पण ती वहीतली गोष्ट होती. वाफ्यातली तुतारी आमच्या माळावरची होती, आमच्या गौरीची होती. या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "चूक माझी. गड्डे का आणायला सांगितले ते मी तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, तू विचारशील."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर जे केलं ते सगळं उशिरा होतं. माळीकाकांनी लॉनमधल्या हरळीचे तुकडे आणून रोपांच्या मध्ये लावले. "पकड लेगी साईं, पकड लेगी," असं ते रोज म्हणायचे. हरळी वाढली. तुतारी एकेक करून काळी झाली. जिवंत असतानाच वाळल्यावर होतो तो रंग. दोन रोपं राहिली. त्यातल्या एकाला कळी धरली, तेव्हा मी घरी काही सांगितलं नाही, की उगाच आशा नको. ते बरंच झालं. कळी उघडलीच नाही.

मी आणि बाबा पुन्हा माळावर गेलो. कोपरा राहिला नव्हता. सगळीकडे मुरूम टाकून रोलर फिरवलेला, पुढे नमुन्याचा फ्लॅट आणि त्याच्या दारात कुंड्या. मी तरी कडेकडेने, पत्र्यांच्या कुंपणालगत वाकून बघत गेले. बाबा कुंड्यांपाशी थांबले, पान बोटांनी चोळून बघितलं आणि म्हणाले, "प्लॅस्टिक आहे." परत येताना रिक्षात ते एकदाच बोलले. "गड्डे अजून चार आणायला पायजे होते."

गौरी आल्या त्या संध्याकाळी आईने बाजारातून आणलेली तेरड्याची जुडी बांधली. साडी नेसवली. मला वाटलं ती विचारणार नाही. तिने विचारलं.

"नाय का आली एक पण?"

"नाही. पाऊस जास्त झाला यंदा."

आई जुडीचा पदर नीट करत राहिली. "पावसानं नाय मरत तुतारी," ती म्हणाली. "पावसातच असते ती." थोड्या वेळाने म्हणाली, "आपण बेणलं, त्यानंतर गेली ना?"

मी मान डोलावली. मग तिला सांगावंच लागलं, गवताचं आणि मुळांचं. तिने नीट ऐकून घेतलं. तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. म्हणाली, "म्हणून माळावर असायची, भातात कधी नाय दिसली. भात आपण बेणायचो."

मग ती म्हणाली, "माझा हात लागला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की तू विचार म्हणालीस, फोन कर म्हणालीस, मीच नको म्हणाले. एवढी तीन वाक्यं होती. बाबा समोर होते, शेजारच्या बायका ओवाळायला येणार होत्या, आणि मला वाटलं, नंतर सांगू. आईने डब्यातून तिचे स्वतःचे खोटे झुबे काढले, उल्हासनगरच्या बाजारातले, आणि जुडीला अडकवले. ते जड होते. तेरड्याची काडी एका बाजूला वाकली.

त्यानंतर आई माझ्या अभ्यासाच्या कशाला हात लावत नाही. आधी ती माझ्या वह्या आवरायची, पुस्तकांना कव्हरं घालायची, हर्बेरियमसाठी वाळवलेल्या पानाफुलांचे कागद उन्हात ठेवायची. आता कागद पावसात भिजत असला तरी गॅलरीतून हाक मारते, "तुझं काहीतरी बाहेर आहे गं," आणि मी येईपर्यंत तिथे उभी राहते. किचनच्या ओट्यावर कोथिंबिरीची काडी पडलेली असली तरी विचारते, "ही टाकायची ना? का कॉलेजची?"

शेवटी मी सांगितलं. महिना उलटून गेला होता. ती तांदूळ निवडत होती, मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. तू विचारायला सांगितलं होतंस. नंबर माझ्याकडे होता. मॅडमना काय कळतं असं मी म्हणाले. आणि हे मला पुस्तकात शिकवलं होतं, मला त्यात मार्कही मिळाले होते. तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

आईने ताटातला खडा बाजूला टाकला. तिच्या चेहऱ्यावर समजूत काढणाऱ्या माणसाचं हसू होतं.

"असू दे," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस."

"खरं सांगतेय, आई."

"शिकलेल्या माणसाला माहीत असतं तर त्यानं थांबवलं नसतं का मला?"

आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

या महिन्यात कॉलेजात बागेचं प्रदर्शन आहे. पालकांना बोलावलं आहे. माझ्या वाफ्यात हरळी आहे आणि पाटी आहे. मॅडम म्हणाल्या, पाटी राहू दे, आपण त्याखाली काय झालं ते लिहू, तेही शिकण्यासारखं आहे. मी आईला चल म्हणाले. तिने लादी पुसता पुसता नकारार्थी मान हलवली. माझी वही जमिनीवर उघडी पडली होती. फडकं तिच्या कडेपर्यंत आलं, वळलं आणि पुढे गेलं. लादी वाळली तेव्हा मी वही उचलली. खाली वहीच्या आकाराची धूळ होती.